अनुसूयाअक्कांसाठी पुस्तक

बसवनगुडीतल्या मराठी मंडळाचं वाचनालय म्हणजे देवळामागच्या इमारतीतली पहिल्या मजल्यावरची एक खोली. पाच कपाटं, एक लांब टेबल, आणि रविवारी सकाळी दहा ते एक एवढाच वेळ. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अलका मिरजकर ते सांभाळत होत्या, त्याला अकरा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या संशोधन संस्थेतल्या नोकरीमुळे सोलापूर सोडून त्या इथं कानडी मुलखात आल्या आणि इथल्याच झाल्या.

त्यांची एक पद्धत होती. नवीन वाचक आला की "काय वाचायला आवडतं?" असं त्या विचारत नसत. "शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंत? आणि का?" असं विचारत. उत्तर ऐकून उठत, कपाटापाशी जरा उभ्या राहत आणि एकच पुस्तक काढून देत. कादंबऱ्यांत सगळं खोटं असतं म्हणणाऱ्या एका इंजिनियरला त्यांनी विहिरी खणणाऱ्या माणसाचं आत्मचरित्र दिलं, तेव्हापासून तो दर पंधरा दिवसांनी येत होता. नऊ वर्षांच्या अद्वैतला सापांशिवाय जगात काही दिसत नसे. त्याला त्यांनी सापांवरून जंगलावर आणि जंगलावरून एका वनाधिकाऱ्याच्या आठवणींवर आणलं होतं. माणूस बघून पुस्तक देता येतं, याचा अलकाताईंना मनातून अभिमान होता.

नरसिंहराव त्यांचे जुने वाचक. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं, घरातलं मराठी कानडीत मुरलेलं. तरुणपणी चार वर्षं पुण्यात काकांकडे राहिल्यामुळे त्यांना मराठी वाचनाची गोडी लागली होती. गुडघे गेल्यावर त्यांचं जिने चढणं बंद झालं, आणि त्यांच्यासाठी पुस्तकं न्यायला त्यांच्या पत्नी, अनुसूयाअक्का, येऊ लागल्या. पुस्तक परत करताना त्या निरोप सांगत. "यजमान म्हणाले, हे फार रडवं आहे. स्वल्प हसण्याजोगं द्या."

जुलैत नरसिंहराव गेले. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी अनुसूयाअक्का आल्या, नवऱ्यासाठी शेवटची नेलेली लाल बांधणीची जाड कादंबरी घेऊन. अलकाताईंनी ती जमा करायला हात पुढे केला, तर त्यांनी पुस्तक छातीशी धरलं.

"हे परत घेऊ नका, अलकाबाई. ह्यावर आता माझं नाव घाला."

"घालते की. तुम्ही वाचणार?"

"वाचायला येत नाही," त्या म्हणाल्या. "सातवीपर्यंत कन्नडात शिकले. हिंदी होतं शाळेत, पण ते तिथंच राहिलं. अक्षरं ओळखीची वाटतात, जुळत नाहीत. आधी काही सोपं द्या. मग हे वाचीन."

त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. जन्मभर मराठी बोलत आल्या होत्या आणि मराठीतलं एक पानही त्यांनी वाचलं नव्हतं. अलकाताई उठल्या. सोपं म्हणजे मोठी अक्षरं, छोटी वाक्यं. त्यांनी लहान मुलांच्या कपाटातून सशाचं एक चित्रमय पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. शेजारी बसलेला अद्वैत मान वाकडी करून म्हणाला, "हे मी बालवाडीत वाचलं होतं."

त्याची आई त्याला दटावू लागली. अनुसूयाअक्कांनी दोन पानं उलटली, पुस्तक मिटलं, टेबलाच्या कडेला सरळ ठेवलं आणि लाल कादंबरी पिशवीत घालून जिना उतरल्या.

पुढचे तीन रविवार त्या आल्या नाहीत. अलकाताईंनी स्वतःची समजूत घातली. पाऊस आहे, दुःखाचं घर आहे, येतील.

चौथ्या आठवड्यात अलकाताई शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला लेकीकडे, प्रांजलीकडे, गेल्या होत्या. नात वेदिका चौदा वर्षांची. इंग्रजीत पाचपाचशे पानांच्या कादंबऱ्यांचा फडशा पाडणारी. तिच्यासाठी त्यांनी नेहमीप्रमाणे मराठी गोष्टींचं एक पातळ पुस्तक नेलं होतं. वेदिकाने ते हातात घेतलं आणि पहिल्यांदाच परत दिलं.

"आजी, राग नको मानू. दर वेळी तू मला माकड आणि म्हातारी देतेस. माझं मराठी लहान आहे. मी लहान नाही ना?"

अलकाताईंनी पुस्तक पिशवीत परत ठेवलं. प्रांजलीने विचारलं, "आई, लागलं का तुला?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पण त्यांच्या डोळ्यांसमोर टेबलाच्या कडेला सरळ ठेवलेलं ते सशाचं पुस्तक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अनुसूयाअक्कांच्या घरी गेल्या. सुनेने, संपदाने, दार उघडलं. अनुसूयाअक्का मागच्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर लाल कादंबरी उघडी होती आणि एका ओळीखाली त्यांचं बोट होतं.

"अक्का, माझं चुकलं," अलकाताई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर मी तुम्हाला पोरासोरांचं पुस्तक दिलं."

"बसा. कॉफी घेता?" त्यांनी विषय टाळला. पण कॉफी आल्यावर त्याच बोलल्या. "हे गेले त्याच्या आधीच्या सोमवारची गोष्ट. दुपारी हे पुस्तक वाचत होते. मी आत होते. एकदम मोठ्यानं हसले. किती दिवसांनी! मी आतूनच विचारलं, काय झालं? म्हणाले, इकडं ये, सांगतो. माझ्या हाताला पीठ होतं. मी म्हटलं, स्वल्प थांबा. हात धुऊन आले तर झोप लागली होती. मी उठवलं नाही. संध्याकाळी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तीन दिवस होते. बोलले नाहीत."

अलकाताईंनी कप खाली ठेवला.

"मी वाचून दाखवू? दोन दिवसांत वाचून सांगते, कुठं हसू येण्यासारखं आहे ते."

"संपदापण हेच म्हणाली. फोन वाचून दाखवतो म्हणाली." अनुसूयाअक्कांनी पानावर तळहात ठेवला. "नको. माझ्या आधी ते दुसऱ्या कुणाला सापडू नये."

अलकाताई घरी आल्या आणि पाचही कपाटं त्यांनी मनातल्या मनात धुंडाळली. मोठ्या माणसाला वाचावंसं वाटेल आणि नुकती अक्षरं जुळवणाऱ्याला झेपेल, असं एकही पुस्तक त्यांना आठवेना. अकरा वर्षांत कुणी मागितलंच नव्हतं. मागतील अशी माणसं जिना चढून आलीच नव्हती, हेही त्यांच्या लक्षात आलं.

मग ते पुस्तक त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या अनुसूयाअक्कांकडे जात, "काहीही सांगा" म्हणत, आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत रेघी कागदांवर ठसठशीत उतरवून घेत आणि तेच त्यांना वाचायला देत. कन्नड वर्णमालेचा आणि मराठी वर्णमालेचा क्रम एकच, त्यामुळे अक्कांना अक्षरं पंधरा दिवसांत ओळखता येऊ लागली. जोडाक्षरं मात्र छळत. पहिल्या कागदावर होतं, "आज हुळीत मीठ जास्त झालं. संपदा काही बोलली नाही. पोर चांगली आहे." अनुसूयाअक्कांनी ते एकेक अक्षर लावत वाचलं आणि दाराकडे बघून घाईने कागद पालथा ठेवला.

"पुस्तकात असलं मराठी असतं?" त्यांनी विचारलं. "आमटीला हुळी, थोड्याला स्वल्प, असलं?"

"या पुस्तकात असतं," अलकाताई म्हणाल्या.

दसऱ्याच्या आसपास अनुसूयाअक्कांनी एक दिवस न विचारता दवाखान्यातल्या तीन दिवसांबद्दल सांगितलं. अलकाताईंनी तेही शब्दाला शब्द उतरवून घेतलं. पुढच्या शुक्रवारी अक्कांनी तोच कागद वाचायला मागितला. "तिसऱ्या दिवशी त्यांचे पाय गार होते. मी मोजे घातले. नर्स म्हणाली, आता नको." इथं त्यांचं बोट थांबलं. अलकाताईंना वाटलं, अक्षर अडलं. त्या सांगायला पुढे वाकल्या, तर अक्का म्हणाल्या, "अडलं नाही. कळलं म्हणून थांबले." मग त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला.

लाल कादंबरी त्यांनी डिसेंबरात हाती घेतली. आधी दिवसाला एक पान, कधी अर्धं; पुढे तीन-चार. अलकाताईंनी स्वतःच्या मनाला बजावून ती वाचली नव्हती. मे महिन्यात एका रविवारी अनुसूयाअक्का वाचनालयाचा जिना सावकाश चढून आल्या आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यात कागदाच्या चार पट्ट्या घातलेल्या होत्या.

"झालं. ह्या चार जागी माणूस हसेल. त्यातली कुठली, ते कळत नाही."

"तुम्हाला कुठं हसू आलं?"

"कुठंच नाही." त्या खुर्चीत बसल्या. "ह्यातला मास्तर बायकोला चार लोकांत वेडी ठरवतो, आणि सगळे हसतात. चारही जागी तेच आहे. यजमान मला तसं कधी बोलले नाहीत हं. पण त्यांना हे आवडत होतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "बावन्न वर्षं वाटायचं, आम्हा दोघांची आवड एकच. मी वाचतच नव्हते ना. ते सांगतील तेवढंच मला माहीत."

अलकाताईंना वाटलं, आपण या बाईंना हे शिकवलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

"छे," अनुसूयाअक्का म्हणाल्या. "आता ते पूर्वीपेक्षा जास्त आठवतात. आधी मी मनात नुसते त्यांचे पाय चेपायची. आता भांडतेसुद्धा."

त्यांनी चारही पट्ट्या काढून घेतल्या आणि पुस्तक जमा केलं.

"आता मला द्या एक. माझ्यासाठी."

"शेवटचं कुठलं—" अलकाताई सवयीने बोलू लागल्या आणि गप्प झाल्या. या बाईंनी आजवर एकच पुस्तक वाचलं होतं, तेही पूर्ण. माणूस बघून पुस्तक देणाऱ्या अलकाताईंना या माणसाबद्दल काहीच अंदाज बांधता येईना. त्यांनी एका बाईचं प्रवासवर्णन दिलं. आठ दिवसांत ते अर्ध्यातून परत आलं. "ही बाई सारखी दमते," अक्का म्हणाल्या. मग ऐतिहासिक दिलं. "लढाया फार." वेदिका सुट्टीत आजीकडे आली होती, त्या रविवारी वाचनालयातही. तिला आजीने आता कपाटांपुढे मोकळं सोडलं होतं, आणि ती रहस्यकथा अडखळत वाचत बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "हे घ्या ना. पहिल्याच पानावर खून आहे."

अलकाताई नको म्हणणार, तेवढ्यात अनुसूयाअक्का म्हणाल्या, "कोण मेलं?"

"घरमालक."

"दाखव बघू."

दोघी टेबलाच्या एकाच बाजूला बसल्या. वेदिकाला जोडाक्षर अडलं की अक्का लावून देत. एक वाजला, खोली बंद करायची वेळ झाली. अलकाताईंनी कपाटांना कुलपं घातली, किल्ल्या मुठीत धरल्या आणि त्या दोघींचं पान संपायची वाट बघत दारात उभ्या राहिल्या.