अठ्ठावीस सेंटिमीटरचं हत्यार

सांगा बरं, विश्वास कोणावर ठेवाल? साठ वर्षं मनगटाला बांधून जिनं मला वापरलं तिच्यावर, की चार मिनिटं फोटोत पाहून जो मला हत्यार म्हणाला त्याच्यावर?

मी बिच्चांग बोलतोय. जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायकांचं अवजार. लोखंडी पातं, मागे दोरीचा फास. समुद्रतळाच्या खडकाला चिकटलेले शिंपले उचकटायचे, एवढंच माझं काम. मला विकत घेतलं तेव्हा माझी मालकीण माल्सुन वीस वर्षांची होती. घासाघीस करून भाव पाडला आणि वर लोहारालाच म्हणाली, "काय बोथट बनवलंयस रे. यानं मुळा तरी चिरेल का?"

गेल्या वर्षापासून तिला घरचा रस्ता आठवेना. लेकीनं, इनसुकनं, तिचं बुड्या मारणं बंद केलं आणि मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलं. तिथे मी गंजू लागलो.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी माल्सुन घरात नव्हती. इनसुकनं पोलिसांना कळवलं आणि साडेसातला गावच्या साइटवर लिहिलं, 'आई हरवलीय. दिसली तर थांबवून ठेवा.' सोबत फोटो. म्हातारी फोटोला कधी उभी राहायची नाही, त्यामुळे होता तो एकच. अंगात बुडी मारायचा काळा पोशाख, हातात मी, आणि दात पडलेलं हसू.

चार मिनिटांत पोस्ट गायब. साइटनं कारण दिलं, 'हत्यार दाखवून धमकी'. इनसुकचं खातंही आठवडाभर बंद.

माल्सुनची पाण्यातली जोडीदारीण ओक्जा धावत आली. "माझ्या फोनवरून टाक."

"मावशी, फोटोतला हात कापून टाकते."

"बुडून मेलेल्या बाईच्या हातातून बिच्चांग काढतात. जित्या बाईच्या नाही. आईला आत्ताच पुरायचंय का तुला?"

इनसुकचा अंगठा थबकला. फोटो होता तसाच गेला, आणि ओक्जाचंही खातं बंद झालं.

मग इनसुकनं हरकतीचा अर्ज भरला. 'हे आईचं कामाचं अवजार आहे. ती एक्याऐंशीची आहे. बाहेर बर्फ पडतोय.' उत्तर आलं, 'वस्तूची लांबी लिहा.'

तिनं मला टेबलावर ठेवून पट्टीनं मोजलं.

"दहा लिही," ओक्जा म्हणाली. "कोण येतंय मोजायला?"

"एक खोटं निघालं, तर आई हरवल्याचंही खोटं वाटेल त्यांना."

तिनं खरं लिहिलं, अठ्ठावीस. मिनिटभरात उत्तर. 'पंधरा सेंटिमीटरपेक्षा लांब पातं हे हत्यार. निर्णय कायम.' मी बाजार पुष्कळ पाहिला. शिंपला हातात न घेता भाव सांगणारा दलाल मात्र तेव्हाच भेटला.

पाणबुडी हरवली म्हणून सगळे समुद्राकडेच धावले. ती गेली होती डोंगराकडे. तिसऱ्या दिवशी संत्र्यांच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत सापडली. अंग लाकडासारखं झालं होतं.

पावाच्या दुकानातला यांग भेटायला आला. बराच वेळ बूटच काढेना.

"मंगळवारी नऊला माझ्याकडे होत्या त्या," म्हणाला. "गरम पाव दिला मी. डोंगराच्या बसमध्ये मीच बसवून दिलं, ताई. सकाळी साइट पाहिल्याशिवाय मी शटर उघडत नाही. त्या दिवशीही पाहिली होती, त्यात त्यांचा फोटो नव्हता."

इनसुकनं त्याच्यापुढे चहा ठेवला.

शनिवारी दुपारी ती अंत्यविधीहून परतली तेव्हा फोनवर निरोप होता. 'फेरतपासणीत पोस्ट योग्य ठरली. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' पोस्ट पुन्हा वर आली. आता लोक खाली विचारतात, आजी सापडल्या का? इनसुक एकेकाला उत्तर देते.

मला तिनं पुन्हा खिळ्याला टांगलं नाही. मी टेबलावरच असतो आणि ती रोज नवी हरकत लिहिते. पोस्टच्या नोंदीत 'पूर्ववत' एवढा एकच शब्द आहे. काढली कधी आणि लावली कधी, हे त्यात यावं, एवढंच तिचं मागणं.

दुसऱ्याचं लिहिलेलं पुसायचा अधिकार तुमच्याही हाती कधी आला, तर एक करा. काय पुसलं आणि किती वेळ पुसून ठेवलं, याची नोंद खरी ठेवा. मंगळवार सकाळ ते शनिवार दुपार असे तास असतील, तर तेही लिहा.