वळणनाथाच्या उपाशी गाड्या

शनिवारी सकाळी डोंगरकड्याजवळच्या चढावर जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. वळणावर शेंदूर फासलेला दगड, दगडाशेजारी वळणनाथ महाराज, महाराजांशेजारी नारळांचा ढीग. आणि सगळ्यांच्या देखत शिवहारची लालभडक गाडी चढ चढता चढता दोन आचके देऊन गप्प झाली.

"बंद पडली! बंद पडली!" लोक असे हरखले, की जणू बंद पडण्यातच तिचा मोठेपणा.

गाडी जुनीच, पण शिवहारनं पुण्याला नेऊन तिला शर्यतीचा टर्बो बसवून आणला होता. ताकद जवळपास दुप्पट झाली होती. त्याचे वडील संपतराव गर्दीत उभे होते. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस, पण पोराच्या गाडीचा आवाज ऐकला की त्यांची छाती फुगायची. आज ती बसली होती.

महाराजांनी बॉनेटवर हात ठेवला. "पिस्टनमधी प्राण आहे, पण डोक्यात शांती नाही! क्लच म्हणजे माया, ब्रेक म्हणजे वैराग्य. ढकला! दहा पावलं मागं, पार सपाटीवर. आता नाव घ्या एकशे आठ वेळा."

दहा जणांनी ढकललं, सगळ्यांनी नाव घेतलं, शिवहारनं किल्ली फिरवली आणि गाडी गरजली. बायांनी दगडावर डोकं टेकलं. संपतरावांचे हात आपोआप जोडले गेले.

महाराजांचा नेम कडक होता. गाडीनंही शनिवार धरायचा. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून तिच्या पोटात पेट्रोलचा थेंब घालायचा नाही आणि काट्याजवळ लाल दिवा लागल्याशिवाय दर्शनाला यायचं नाही. "तो दिवा म्हणजे देवाची समई," महाराज सांगायचे. उपास धरणारी माणसं सगळ्यांनी पाहिली होती. उपाशी गाड्या मात्र जिल्ह्यात पहिल्यांदाच निघाल्या होत्या.

शिवहारची गाडी अडण्याचा हा चौथा शनिवार. महाराजांनी डोळे मिटले. "संपतराव, घरात नवं पाऊल आलंय. जड आहे. सव्वा वर्ष माहेरी ठेवा. नाही तर या गाडीत पोराचा घात होईल."

नवं पाऊल म्हणजे सत्यशीला, पाच महिन्यांपूर्वी आलेली सून. संपतरावांना एकच पोरगं.

घरी येऊन त्यांनी खाली मान घालून निकाल सांगितला. सत्यशीलानं ऐकून घेतलं, पीठ मळलेले हात धुतले आणि समोर येऊन बसली.

"मामा, एक इचारू?"

"इचार."

"बुधवारी आमी नांदेडला गेलो. मी गाडीत होते. गाडी अडली का? मंगळवारी वसमतला गेलो, तवा अडली का?"

"न्हाई."

"शनिवारी मी घरी असते, अन् शनिवारीच अडती. मंग पाऊल कुणाचं जड झालं?"

संपतरावांना राग आला. "महाराज काय येडे हायत?"

"त्यांना कोण येडं म्हणून राहिलंय? मी आपल्याबद्दल बोलून राहिले."

शिवहार तोंड फिरवून हसला. संपतरावांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की हसू जागीच जिरलं. पण सुनेचं एक मागणं त्यांनी मान्य केलं. एक शनिवार थांबायचं. तोवर गाडी कुणातरी जाणकाराला दाखवायची.

वारंगा फाट्यावर धम्मानंदचं गॅरेज होतं. त्यानं मागची सीट काढली, टाकीचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"शिवहार, इंजिनाची भूक दुप्पट केलीस अन् टाकीतून पेट्रोल खेचणारा पंप जुनाच ठेवलास? लग्नात पाचशे पानं मांडली अन् वाढायला एकच माणूस! अन् त्यात टाकी रिकामी."

"पण दगडापाशीच काहून अडती?" संपतरावांनी विचारलं.

"काका, मेंढरांचं घमेलं उतारावर ठेवलं. पाणी तळाला. वरल्या बाजूच्या मेंढराला काय मिळंल?"

"काय मिळंल? घमेलं चाटंल."

"तुमचा पंप वरल्या बाजूचं मेंढरू हाय. चढावर, वळणावर पेट्रोल दुसरीकडं पळतं अन् पंप हवा चाटतो. सपाटीवर ढकललं, की पेट्रोल परत त्याच्या तोंडाशी येतं. एकशे आठ वेळा नाव घेईस्तोवर तर निवांत येतं."

संपतरावांनी टाकीत डोकावून पंप कुठं आहे ते पाहिलं.

धम्मानंदनं टाकीत एक डबा बसवला. पेट्रोल कमी असलं, गाडी कशीही कलली, तरी डब्यातलं डब्यातच राहायचं. डब्यात दोन पंप. एक सतत चालणारा, दुसरा ॲक्सिलरेटरवर जोरात पाय दाबला की मदतीला येणारा. दोघांना पुरेल अशी जाड वायर थेट बॅटरीपासून ओढली.

पुढच्या शनिवारी लाल दिवा लावूनच गाडी चढाला लागली. चालवायला शिवहार, शेजारी सत्यशीला. मागं संपतराव जाऊन बसले. "काय व्हायचं ते तिघांचं होऊ दे," म्हणाले. वळण आलं तसं त्यांनी पुढची सीट घट्ट धरली. गाडी गरजत दगडापुढून निघून गेली. वळून आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली. संपतरावांनी सीट सोडली.

गर्दी नाराज झाली. महाराज मात्र तयारीचे. "मी क्षमा केली! पाऊल हलकं केलं!"

"नारळ न देता?" सत्यशीलानं विचारलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

संपतराव उतरले ते थेट कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या महाराजांच्या जीपकडं. किल्ली लावलेलीच होती. त्यांनी ती फिरवून काटा पाहिला.

"महाराज, तुमची जीप शनिवार धरीत न्हाई व्हय? टाकी काठोकाठ हाय!"

"ती... ती सिद्ध गाडी आहे."

"अरे, सिद्ध कशाची?" हिरासिंग टेम्पोवाला पुढं आला. महाराजांची दाढी बाजूला करून त्यानं त्यांचं तोंड नीट न्याहाळलं. "गुलाबचंद! मेरे साथ टेम्पो चलाता था. याच चढावर याचा टेम्पो अडायचा, अन् हाच दहा पावलं मागं घेऊन चालू करायचा!"

महाराज दगडाकडं बघू लागले. दगड काही बोलला नाही.

मग संपतरावांनी नारळवाल्याचं घमेलं मागून घेतलं, तळाला तांब्याभर पाणी ओतलं आणि चढावर ठेवलं. तळाच्या वरल्या बाजूला बोट टेकवून दाखवलं: कोरडं. घमेलं सपाटीवर आणून बोट पुन्हा तिथंच टेकवलं: ओलं. "एवढंच हाय बाबांनो. ज्या गाड्या सरळ गेल्या, त्या आपण मोजल्याच न्हाईत. उपाशी आणल्या, त्या अडल्या." मग सगळ्यांसमोर सुनेकडं वळून म्हणाले, "चूक माझी झाली, पोरी. तुझी न्हाई."

सत्यशीलानं डोळे पुसले. "मामा, मी चार दिवस माहेरी जाऊन येते."

"आता काहून? आता तर सगळं मिटलं."

"तवा तुमी धाडून राहिले होते. आता मी जाऊन राहिले."

संपतरावांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. काही अडलं, तर घरात नव्यानं आलेल्या माणसाकडं बोट दाखवणं फार सोपं असतं. झाकण उघडून आत बघायचं म्हटलं, तर हात काळे होतात. होऊ द्यावेत. साबणानं निघतात ते.