काचेआडचे इंग्रजी

मी एक जुना वेल्डिंगचा मास्क आहे. नाकातोंडावर बांधतात तो नव्हे, मित्रांनो. तो माझा दूरचा भाऊबंद, मध्यंतरी उगाच फार मोठा झाला होता. मी अख्खा चेहरा झाकतो. डोळ्यांसमोर काळी काच, कपाळाला पट्टा, आणि मानेला एक झटका दिला की मी खट्कन खाली येतो. माझे सारे कर्तृत्व त्या एका झटक्यात आहे. पुष्कळ मोठ्या माणसांचे तेवढेही नसते.

साच्यातून माझ्यासारखी हजारो भावंडे बाहेर पडली, त्यामुळे जन्माचे कौतुक कोणी केले नाही. ते केले माझ्या मालकाने. तो दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर होता. टाकीच्या पोटात शिरून तो असा जोड मारायचा की तपासनीस त्यावर बोट फिरवून नुसती मान डोलवायचा. ठिणग्या मी खायच्या, शाबासकी त्याने घ्यायची, असा आमचा सुखाचा संसार होता. मालक बोलायचा मात्र फार कमी. कारखान्यात त्याला मौनीबाबा म्हणत.

मग घरात परदेशाचे वारे शिरले. वेल्डर हवेत, कुटुंबासकट या, कायमचे राहा! मालकीणबाई रक्ततपासणीच्या लॅबमधून आल्या की पर्स न ठेवताच बोलू लागत. त्यांची लेक भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावर बोट ठेवून झोपी जाई. आणि मुलीचा मामा रोज येऊ लागला. तो स्वतः कुठेही गेला नव्हता, म्हणून त्याला सगळ्या देशांचे नियम पाठ होते.

“दाजी, रस्ते दोन,” मामा म्हणाला. “एक यार्डाचा. जहाजं दुरुस्त करणारं यार्ड तुम्हाला बोलावतंय. व्हिसा झटपट. पण तीन वर्षं त्यांच्याच दावणीला. यार्डवाल्यांनी शिफारस केली तर पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, नाहीतर परत.”

“आणि दुसरा?” मालकीणबाईंनी विचारले.

“गुणांचा. वयाचे गुण, कामाचे गुण, भाषेचे गुण. बेरीज जमली तर पहिल्या दिवसापासून पीआर. कुणाचं मिंधं नाही. पण दाजींना इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत भरपूर गुण हवेत, तेही पुढच्या वाढदिवसाच्या आत. नंतर वयाचे गुण कापतात.”

सगळ्यांनी मालकाकडे पाहिले. मालक “हं” म्हणाला. तेही मराठीत.

सराव सुरू झाला. मालकीणबाई परीक्षक होऊन प्रश्न विचारत आणि मालक छताकडे बघे. एका संध्याकाळी, पट्टा बदलायला मालकाने मला घरी आणले होते तेव्हा, लेकीने गंमत म्हणून मला त्याच्या डोक्यावर चढवले. सवयीने त्याने मान झटकली. मी खाली आलो. आणि मित्रांनो, काय सांगू! माझ्या आतून इंग्रजी सुरू झाले. टाकी कशी बनते, आत किती उकडते, पोलाद तापले की कसे रुसते... थांबेच ना! वाक्ये थोडी वाकडी होती, पण जोड पक्का होता.

“आई,” लेक कुजबुजली, “बाबांना बंद कसं करायचं?”

त्या दिवसापासून मी रोज कारखान्यातून घरी येऊ लागलो. आयुष्यभर आग अडवली, आता उतारवयात दुभाष्या झालो. खिडकीतून शेजारी बघत. एक माणूस जेवणाच्या टेबलाशी मास्क घालून हातवारे करतोय, हे दृश्य पाहून त्यांनी आमच्याकडे साखर मागायला येणे बंद केले.

पण परीक्षेत मास्क चालणार नव्हता. मला उतरवले की मालकाचा आवाजही माझ्याबरोबर खुंटीवर जाई. तशात यार्डाने उत्तर मागितले, परीक्षेच्या आधीच.

“यार्डाला हो म्हणू,” मालक पुटपुटला. “तिथे भाषेचे थोडेच गुण लागतात.”

मालकीणबाईंनी हातातला कप ठेवला. “अहो, बोलता येत नाही म्हणून असा व्हिसा घ्यायचा, ज्यात तीन वर्षं तोंडच उघडता येणार नाही?”

“ताई, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,” मामा म्हणाला.

मालक बराच वेळ शर्टाच्या टोकाने माझी काच पुसत बसला. मग काचेकडे बघतच म्हणाला, “यार्डाला नाही कळवतो.”

परीक्षेच्या दिवशी मी घरीच होतो. तिथे काय झाले ते मालकाने आल्यावर स्वतः सांगितले, दारातच, बूट न काढता. “पहिला प्रश्न आला आणि मी छताकडे बघू लागलो. मग मान झटकली, मास्क असल्यासारखी. परीक्षक बाईंना वाटलं, मी नमस्कार केला. त्यांनीही मान लववली. आणि मग... बोललो की!”

गुण पुरले. त्या देशाचे बोलावणे वाढदिवसाच्या आत आले. परवाना हाती पडला त्या रात्री लेक पलंगावर इतकी नाचली की एक पाय मोडला, पलंगाचा. मालकाने तो दुसऱ्या दिवशी वेल्ड केला.

आज बॅगा भरताना मामा वजनकाटा घेऊन आला होता. त्याने मला बाहेर काढले. “दाजी, हे भंगार कशाला? वजन जास्त होतंय. तिथे नवा मिळेल.”

मालक सरळ उभा राहिला. “मामा, तो येतोय. वजन जास्त होत असेल, तर तुम्ही दिलेलं ते भिंतीवरचं घड्याळ काढा.”

मामाने मला परत बॅगेत ठेवले.

“बाबा,” लेक म्हणाली, “मास्क न लावता एवढं बोलणं?”

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. घरातल्या जुन्या वस्तूंची काच अधूनमधून पुसत जा. आणि घरात कोणी अबोल माणूस असेल, तर त्याला मुका समजून त्याचा रस्ता तुम्ही ठरवू नका. कदाचित त्याला थोडी सावली हवी असेल, आणि पुढे ती बाजूला करायचा धीर.

आता मी बॅगेत, मोज्यांच्या शेजारी आहे. अंधार आहे, पण अंधार हा माझा धंदाच. बाहेर मालक टॅक्सीवाल्याशी बोलतो आहे. अजून थांबलेला नाही.