डावा बॅक

चौथा गोलही डावीकडूनच आला.

"झोपलाय का रे गोलकीपर!" बाबा लॅपटॉपवर ओरडले. "याला आधी घरी पाठवा."

गोलकीपरचा काही दोष नव्हता. बाबांच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीला ते स्पष्ट दिसत होते. पडद्यावर वरून पाहावे तसे हिरवे मैदान होते आणि बाबांचा संघ खालून वर चढाई करत होता. फुटबॉलच्या या खेळात चेंडूला लाथ मारायची नसते. खेळाडू निवडायचे, त्यांना जागा नेमून द्यायच्या आणि मग पाहत बसायचे. सामन्याआधी दोन्ही कडा राखणाऱ्या बॅकना सांगावे लागते, की पुढे जायचे की मागे थांबायचे, रेषेला चिकटून राहायचे की आत सरकायचे. बाबांनी उजव्या बॅकला सगळे नीट सांगितले होते. डाव्याला काहीच सांगितले नव्हते. तो आपल्या मनाने पुढे धावत सुटला होता आणि त्याच्यामागे पडलेल्या मोकळ्या जागेतून समोरच्या संघाचा कडेने धावणारा विंगर चारही वेळा फिरायला निघाल्यासारखा आत आला होता.

पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी सूचना लुकलुकत होती, 'डावी बाजू उघडी आहे.' तो कोपराही डावाच होता.

"बाबा, लाल पट्टी शोधा आधी."

पडद्याच्या डाव्या कडेला थेरपीवाल्या बाईंनी लाल चिकटपट्टी लावून दिली होती. ती दिसेपर्यंत मान वळवायची, मगच खेळायचे, असा नियम होता. बाबांनी मान वळवली. पट्टी सापडली. "ही काय," ते म्हणाले आणि पुढच्याच क्षणी मान उजवीकडे परतली.

पक्षाघाताचा झटका येऊन सात आठवडे झाले होते. डावा हात मांडीवर पडून असे. काठी घेऊन चालता येत होते, बोलणे तर पहिल्यापेक्षा वाढले होते. डोळे दोन्ही चांगले होते. डॉक्टरांनी तिला मेंदूचे चित्र दाखवून समजावले होते, की डावीकडचे जग त्यांना अंधारलेले दिसत नाही, ते त्यांच्या लेखी नाहीच. नसलेल्या गोष्टीची आठवण कशी होणार? म्हणून ते ताटलीतला उजवीकडचा भात संपवून "आज कमी वाढलंस" म्हणत. अर्धी दाढी करून तोंड धुऊन येत. वर्तमानपत्रातले मथळे उजवीकडचे अर्धेच वाचत आणि "यांना हल्ली धड वाक्य लिहिता येत नाही" म्हणून छापणाऱ्यांवर चिडत.

ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. सूक्ष्मदर्शकाखाली आखलेल्या चौकटींतल्या पेशी एकेक ओळ घेत मोजायच्या. एखादी ओळ सुटली तर आकडा चुकतो आणि सुटलेली ओळ आपल्याला सुटली असे कधीच वाटत नाही, हे तिला कामामुळे ठाऊक होते. तरी बाबांच्या बाबतीत ते मान्य करायला तिला वेळ लागला.

कारण बाबा स्वतः डावे बॅक होते. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मेकॅनिक, आणि पंपघराच्या संघात एकोणीस वर्षे डावी बाजू त्यांची. सगळे त्यांना 'कडी' म्हणायचे. ते उभे राहिले की त्या बाजूचे दार बंद. बॅकने शेजाऱ्याकडे वळून बघायचे नसते, हाक मारायची असते, असे ते सांगत. नजर चेंडूवर आणि विंगरवर ठेवून ते नुसते विचारायचे, "आहेस ना?" शेजारून "आहे" आले की बिनधास्त पुढे सरकायचे. निवृत्तीनंतर ते आपल्या भाड्याच्या खोलीत एकटे राहून हा खेळ खेळत. सहा वर्षांत डाव्या बाजूने किती गोल झाले ते त्यांना तोंडपाठ होते. अकरा.

झटक्यानंतर ते मुलीकडे राहत होते, पण ती खोलीच त्यांना परत हवी होती. ते एकटे राहू शकतील का, हे थेरपीवाल्या बाई शुक्रवारी येऊन ठरवणार होत्या. "शेगडीला दोन बर्नर आहेत ना?" त्यांनी तिला जिन्यात गाठून विचारले होते. "परवा मी दोन्ही पेटवायला सांगितले. बंद करताना त्यांनी उजवा बंद केला आणि निघाले. शुक्रवारपर्यंत आपणहून मान वळायला लागली तर बघू. नाहीतर एकटं ठेवता येणार नाही हो."

आज बुधवार होता.

तिने बाबांच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि सेटिंगमध्ये शोधू लागली. सकाळी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी उलटी लावली गेली, तेव्हा तिला हे सुचले होते. एक बटण सापडले. मैदान गर्रकन फिरले. आता संघ वरून खाली चढाई करत होता आणि डावा बॅक पडद्यावर उजवीकडे आला होता.

बाबा पुढे झुकले.

"अरे! हा कोण इथे उंडारतोय?"

"तुमचा डावा बॅक."

"याला कोणी शिकवलं? ये मागे, ये." त्यांनी उजव्या हाताने तो ठिपका ओढून आणला. "हे बघ बाळ. चेंडू पलीकडच्या कडेला असला की यानं इथे, मधल्या स्टॉपरच्या कुशीत यायचं. रेषेवर उभा राहून काय वारा खायचाय? आणि अंग असं तिरपं. चेंडूही दिसला पाहिजे आणि पाठीमागून येणारा गडीही. नुसता चेंडू बघणारा बॅक म्हणजे उघडं फाटक."

त्यांचा आवाज पंपघराच्या मैदानावरचा होता. तिने नवा सामना सुरू केला. वीस मिनिटे डाव्या बाजूने माशीही आत आली नाही. आता शुक्रवारी बाईंना हे दाखवू, असे तिच्या मनात आले.

मग गोल झाला. उजव्या बाजूने. तो बॅक आता पडद्यावर डावीकडे होता आणि त्याला या वेळी कोणी काही सांगितलेच नव्हते.

बाबा ओरडले नाहीत.

"फिरव बरं परत," ते म्हणाले.

तिने फिरवले. उजवा बॅक दिसला, डावा नाहीसा झाला. "पुन्हा." डावा दिसला. "पुन्हा." असे त्यांनी चार वेळा करायला लावले. पंप बंद पडला की ते एकेक व्हॉल्व्ह असाच उघडून, मिटून पाहायचे.

"मैदान ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "बिघाड माझ्यात आहे."

"बाबा, आपण प्रत्येक वेळी फिरवून घेऊ की. आधी एक बाजू, मग दुसरी."

"मैदान फिरवशील गं. शेगडी कशी फिरवशील? रस्ता?"

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. बाबांनी आवाज ऐकून मान वळवली, पण चुकीच्या बाजूला.

"बाई खोटं बोलत नव्हत्या तर. मला वाटलं, उगाच काहीतरी काढतात." त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर सरळ केला. "खोलीची किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात आहे. देऊन टाक घरमालकांना. कुंडी तेवढी घेऊन ये."

"शुक्रवारपर्यंत थांबू या ना."

"कशाला? मी बघितलं की आत्ता."

त्यांनी उजव्या हाताने लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाले, "मैदान सरळ कर. नवा सामना लाव. आणि डावा बॅक तू लाव."

एकोणीस वर्षांत त्यांनी त्या जागेबद्दल प्रशिक्षकाचेही ऐकून घेतले नव्हते.

तिने स्टूल ओढले आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसली. तिथून ती त्यांना दिसत नव्हती. डाव्या बॅकला तिने मागे थांबवले, आत सरकवले, स्टॉपरच्या कुशीत. जमले की नाही ते त्यांना विचारून उपयोग नव्हता. सामना सुरू झाला. चेंडू पलीकडच्या कडेने पुढे गेला आणि बाबांची नजर त्याच्याबरोबर गेली.

"आहेस ना?" समोर बघतच त्यांनी विचारले.

"आहे," ती म्हणाली.