टर्बोला दिलेला डोस

एक लाल दिवा. पद्मिनीबाईंची साबुदाण्याची पिशवी. शाळेच्या व्हॅनमधून हात हलवणारी पोरं. औषध नसलेली पांढरी गोळी. आणि मी.

मित्रांनो, मी लखनौच्या जानकीपुरममधल्या एका मोटारीचा टर्बो आहे. जुनाच म्हणा, माझी चाकं जेवढी फिरली, तेवढी आमची गाडी सात जन्मांत फिरणार नाही. इंजिनाने टाकलेल्या गरम धुरावर माझं एक चाक गरगरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. म्हणजे मी दुसऱ्याच्या उसाशांवर जगतो. पण नव्या नवलाईत माझं फार कौतुक झालं. "टर्बो आहे," असं गाडीचे मालक विश्वासराव दूधवाल्यालाही सांगत.

मग तो उड्डाणपूल आला. चौक बाजारातून साबुदाणा घेऊन परतताना शाळेच्या व्हॅनने आम्हाला मागे टाकलं. मुलगी अंतरा म्हणाली, "पापा, गाड़ी से ज़्यादा तो आप हाँफ रहे हैं."

विश्वासराव विद्यापीठात इतिहास शिकवतात. पराभव त्यांना तपशीलवार आठवतात. घरी येताच ते बायकोला म्हणाले, "उद्याच तेलीबागच्या गॅरेजात जातो आणि टर्बोचा दाब एकदम वाढवून आणतो."

एकदम वाढवलेला दाब म्हणजे आधी पिस्टन जाणार, मग मी.

"एकदम?" कौमुदीताई म्हणाल्या. त्या औषधांच्या संशोधनात आहेत. "आम्ही उंदरालासुद्धा एकदम देत नाही."

गॅरेजात त्या स्वतः गेल्या. मेकॅनिक म्हणाला, "मैडम, बस एक क्लिक. गाड़ी हवा से बातें करेगी."

"बातें टर्बो कर लेगा, भैया. आप पहले इसकी तबीयत देखिए."

नळ्या कुठे फुसफुसतात का ते पाहिलं, तेल बदललं, स्पार्क प्लग तपासले. मग दाब चिमूटभर वाढवायचं ठरलं, तोही पेट्रोल आणि ठिणगीची वेळ त्याच्याशी जुळवून. त्यांनी संस्थेतला एक नियमही आणला. डोस कोणत्या दिवशी दिला ते चालवणाऱ्याला सांगायचं नाही. रोज सकाळी त्या लॅपटॉप गाडीला जोडायच्या. कधी दाब बदलायच्या, कधी नुसताच उघडून मिटायच्या. गाडीतलं वजन मात्र रोज सारखं हवं, म्हणून मागे सासूबाई आणि साबुदाणा.

"म्हणजे माझी मक्खन मलई बंद का गं?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"ती चालेल, आई. नुसता दुधाचा फेस असतो तो."

पहिल्या दिवशी लॅपटॉप नुसताच मिटला. विश्वासराव पुलावर चढले आणि खुलले. "काय पिकअप आहे! आई, डोकं सीटला टेकलं की नाही?"

"टेकलं रे. झोप लागली होती."

दुसऱ्या दिवशी दाब खरोखर वाढला. मी जीव तोडून हवा भरली. "आज मेली गाडी," विश्वासराव म्हणाले. "हिने कमी केलेलं दिसतंय."

त्याच फेरीत इंजिनात बारीक टकटक सुरू झाली, पेट्रोल वेळेआधी भडकल्याची. माणसाच्या कानाला ती कळली नाही, लॅपटॉपवर दिसली. लॅपटॉप घेऊन शेजारी बसलेल्या कौमुदीताईंनी गाडी तिथेच थांबवायला लावून दाब कंपनीने ठेवला होता तेवढाच केला. मी वाचलो.

चाचणी संपली की खरं सांगावं लागतं. त्यांनी सांगितलं.

विश्वासराव बराच वेळ स्टिअरिंग पुसत राहिले. "पण पहिल्या दिवशी गाडी उडाली होती," ते म्हणाले.

"उडाली होती," कौमुदीताई म्हणाल्या. "आमच्याकडे औषध नसलेल्या पांढऱ्या गोळीनेही माणसं बरी होतात."

मित्रांनो, आता मी सुखात आहे. माझं मागणं थोडं आहे. लांबून दमून आलात तर इंजिन लगेच बंद करू नका, मला क्षणभर निवू द्या. तेल वेळेवर बदला. दाब वाढवायचाच असेल तर जाणत्या हाताने, थोडा थोडा वाढवा, आणि टकटक झाली की मागे फिरा. माघार घेतलेली इंजिनं पुष्कळ वर्षं चालतात.

व्हॅनने पुलावर मागे टाकलं त्या दिवशी साबुदाण्याची पिशवी हँडब्रेकखाली अडकली होती, ब्रेक अर्धा लागलेला होता आणि समोरच्या काट्यांमध्ये त्याचा लाल दिवा पेटला होता.