पिठाच्या गिरणीचं कुलूप

माझ्या सासऱ्यांचा विश्वास एकाच औषधावर: तेल. कुलूप अडकलं, तेल. बिजागरी कुरकुरली, तेल. चाळीस वर्षं त्यांनी या दुकानात कुलपं दुरुस्त केली, आणि मला मात्र कुलपाला हात लावायची बंदी. माझ्याकडे छत्र्यांची दुरुस्ती. सहा वर्षं मी काड्या बसवत होते आणि एक डोळा त्यांच्या हातांवर ठेवून शिकत होते.

पिठाच्या गिरणीवाल्या मावशींचं पितळी कुलूप मामंजींनी तरुणपणी स्वतः घडवलेलं. त्यांचा जीव की प्राण. ते दर पंधरवड्याला अडकायचं. मामंजी तेल सोडायचे, किल्ली सरसर फिरायची आणि पुढच्या पंधरवड्यात ये रे माझ्या मागल्या. शेवटी मावशी वैतागल्या. "आता अडकलं तर करवतीनं कापीन. गिऱ्हाइकं दारात आणि मी कुलपाशी झटापट करत बसायचं?"

मामंजींचा चेहराच उतरला. मला राहवलं नाही. "मामंजी, आत तेलात पीठ मळलं जातंय. कोरडं काहीतरी घालायला हवं. ग्राफाइटची भुकटी. पेन्सिलीत असतं ना, तेच."

"पेन्सिल? कुलूप आहे ते, शाळा नव्हे!"

तरी त्यांची नजर चुकवून मी भुकटी घातलीच, आणि तोंडावर आपटले. जुनं तेल आत तसंच होतं. भुकटीचा काळा चिखल झाला आणि दुसऱ्याच दिवशी किल्ली रुतली. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मामंजी हसले. पण मावशी खरोखरच करवत घेऊन आल्या, तेव्हा त्यांचं हसू मावळलं. तेल हरलं होतं हे त्यांनाही कळत होतं.

"एक महिना," ते मला म्हणाले. "चाललं तर चाललं. नाहीतर पुन्हा या टेबलाकडे फिरकायचं नाही."

मावशींना तोवर दुसरं कुलूप दिलं. यावेळी मी घाई केली नाही. कुलूप स्पिरिटमध्ये बुडवून किल्ली फिरवत राहिले. तीनदा स्पिरिट बदललं, तेव्हा कुठे ते स्वच्छ निघालं. दोन दिवस उन्हात वाळवलं. मग चिमूटभरसुद्धा नाही, नुसती फुंकरभर भुकटी आत सोडली. किल्ली फिरवायची, काळी झाली की पुसायची, पुन्हा फिरवायची.

कुलूप पुन्हा गिरणीच्या दाराला लागलं. पंधरा दिवस गेले, वीस गेले. रस्त्यावर मावशींसारखं कोणी दिसलं तरी मी आधी हातात कुलूप आहे का ते बघायचे. तिसाव्या दिवशी त्या आल्या, कुलूप हातात घेऊनच.

"अडकलं ना?" मामंजी उठलेच.

"अडकतंय कुठलं! इतकं हलकं फिरतं की बंद झालं की नाही, तेच कळत नाही. रोज ओढून बघते. एकदा तुम्हीही बघा म्हटलं."

खरं सांगते, मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

मामंजींनी दहा-बारा वेळा किल्ली फिरवली. मग हळूच म्हणाले, "नवं होतं तेव्हाही असं चाललं नव्हतं गं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक गंजलेलं कुलूप घेऊन आलं. मामंजींनी माझ्या मांडीवरची छत्री काढून घेतली.

"कुलूप तिकडे द्या," ते म्हणाले. "त्या बघतात."

माझ्यासाठी 'त्या' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. मागून मामंजींचा आवाज आला, "सूनबाई, ही काडी कुठे अडकवायची असते?"