ओठांवरचं पीस

टेकडीवरचं मरियामाईचं देऊळ नवा पंथ स्वीकारलेल्या बेर्न शहराच्या कारभाऱ्यांनी पाडलं, मूर्ती जाळली आणि दगड गावच्या बंधाऱ्याला लावले. अपोलोनियाला त्याचं दुःख झालं की सुटल्यासारखं वाटलं, हे तिला कुणी विचारलं नाही.

ऐन तरुणपणापासून ती त्या देवळात एकच काम करत आली होती. दूरदूरच्या दऱ्यांमधून लोक मृत जन्मलेली बाळं घेऊन यायचे. बाळाला निखाऱ्यांच्या मधोमध ठेवायचं, ऊब द्यायची, ओठांवर पीस ठेवायचं. पीस हललं की बाळानं श्वास घेतला. तेवढ्या घडीत बाप्तिस्मा उरकायचा, म्हणजे त्याला पवित्र माती मिळायची. नाहीतर दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, कायमच्या अंधारात.

देऊळ पडल्याची बातमी डोंगरापलीकडे पोचली होती. पण तिथल्या योस्त नावाच्या शेतकऱ्याच्या बायकोला ती ऐकायचीच नव्हती. म्हणून एका सकाळी तो पाठीवर टोपली घेऊन अपोलोनियाच्या दारात उभा राहिला. दाढीत बर्फ अडकलेला.

"आजी, पीस ठेवणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

"होते. आता शेळ्या राखते."

"मुलगा झाला. रडलाच नाही." त्यानं टोपली खाली ठेवली नाही. "फ्रेनी अंथरुणावरून म्हणाली, त्याला देवाच्या मातीत ठेवून ये, नाहीतर तोंड दाखवू नकोस."

अपोलोनिया त्याला पाद्र्याकडे घेऊन गेली. हाच लीनहार्ट पाद्री पूर्वी जुन्या पंथाची मिस्सा, म्हणजे उपासना, लॅटिनमध्ये म्हणायचा. आता नव्या पंथात पाद्र्यांना लग्नाची मुभा मिळाल्यावर आपल्याच स्वयंपाकिणीशी रीतसर लग्न करून तो अंगणात लेकराची दुपटी पिळत उभा होता.

"पुरू की," तो म्हणाला. "इथेच, सगळ्यांच्या शेजारी. आता कुंपणाबाहेर कुणालाच ठेवत नाही."

"बाप्तिस्मा झालेला नाही त्याचा."

"देव पाण्यावाचून अडत नाही, बाबा. बाळ त्याचंच आहे."

"असं फुकटात?" योस्त म्हणाला. "घरी काय सांगू? एका पाद्र्यानं दुपटी पिळता पिळता माफ करून टाकलं म्हणून?"

लीनहार्ट हसला नाही. "ते पीस निखाऱ्यांच्या धगीनं हलायचं. विचार अपोलोनियाबाईंना."

अपोलोनियानं मान फिरवली. "तुम्ही खड्डा खणायला घ्या, पाद्रीबाबा. आम्ही आलोच."

कारभाऱ्यांना कळलं असतं तर तिला गाव सोडावं लागलं असतं. तरी घरी येऊन तिनं चुलीतले निखारे बाहेर ओढले, मधे बाळ ठेवलं, ओठांवर हंसाचं मऊ पीस ठेवलं आणि नेहमीचं गुणगुणायला लागली.

मरियामाई गं, दार थोडं उघड,
उंबऱ्याशी बाळ माझं, थंडीनं झालं जड.

पीस हललं नाही. लाकूड ओलं होतं, धग कमी होती. एक निखारा थोडा पुढे सरकवला की काम व्हायचं, हे तिच्या हाताला पाठ होतं. चिमटा तिनं उचललाही. पण आता ती गोष्ट उघड बोलली गेली होती, आणि हात पुढे जाईना.

योस्त गुडघ्यांवर बसला. वाकला, आणखी वाकला. त्याची दाढी बाळाच्या गालाला टेकली. छातीतून हुंदका फुटला, आणि पीस भुर्रकन उडून राखेत पडलं.

"हललं," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघत हळूच, "आजी, हललं ना?"

श्वास कुणाचा, हे तिनं पाहिलं होतं. त्यालाही कळलं असावं.

"हललं," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "नाव सांग लवकर."

"मेल्खिओर."

नव्या पंथात मृतांसाठी घंटा वाजवण्याची पद्धत उरली नव्हती, प्रार्थनेचीही नाही. लीनहार्ट खड्ड्यापाशी टोपी काढून उभा राहिला. योस्तनं त्याच्या हातून फावडं घेतलं, खड्डा स्वतःच भरला आणि कुंपण कुठे आहे ते एकदा वळून पाहिलं. कुंपण बरंच लांब होतं. मग रिकामी टोपली पाठीला लावून तो डोंगराच्या वाटेला लागला.

तो वळणाआड गेल्यावर लीनहार्टनं विचारलं, "हललं का हो?"

"बाप जवळच होता," अपोलोनिया म्हणाली.

लीनहार्ट खाली बसून हातानं माती थोपटत राहिला.